पानावर किती वाढायचं?

१८०१ साली तंजावरचे राजे दुसरे सरफोजी यांनी इंग्रज रेसिडेंट बेंजामिन टॉरिन याला एक सविस्तर पत्र लिहिलं. १७९९ च्या तहानं राज्याचा कारभार कंपनीकडे गेला होता. आता रामेश्वरच्या वाटेवरची छत्रं, म्हणजे यात्रेकरूंसाठी बांधलेल्या धर्मशाळा, आणि त्यांच्या खर्चासाठी लावून दिलेली गावंही हातची जातात की काय, याची राजांना चिंता होती. म्हणून छत्रात दिवसभर काय काय चालतं ते त्यांनी एकेक करून सांगितलं. येईल त्याला शिजवलेलं अन्न, आणि जे दुसऱ्याच्या हातचं खात नाहीत त्यांना शिधा. मध्यरात्री घंटा वाजवून कुणी जेवायचं राहिलंय का म्हणून मारलेली हाक. तान्ह्या मुलांना दूध. आजाऱ्याला वैद्य आणि बरा होईपर्यंत आसरा. वाटेतच देह ठेवणाऱ्याचे अंत्यसंस्कार. ओरतनाडचं मुक्तांबाळ छत्र किंवा नीडामंगलमचं यमुनांबाळ छत्र ही याच परंपरेतली. हे पत्र आदरातिथ्याचा दस्तऐवज म्हणून नेहमी सांगितलं जातं, पण त्यातली एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. पाहुण्यानं काय करावं याबद्दल त्यात जवळजवळ काहीच नाही. सगळं वर्णन यजमानानं काय मांडून ठेवलंय याचं आहे. तंजावर शहरातल्या आजच्या हॉटेलात नेमकं उलट दिसतं. पाण्याच्या नळाशेजारी, टॉवेलच्या दांडीवर, एसीच्या बटणाखाली पाहुण्याला उद्देशून छोट्या छोट्या विनंत्या लावलेल्या असतात: पाणी जपून वापरा, वीज वाचवा, पृथ्वीला हातभार लावा. पाहुण्यांनी पर्यावरणाला मानवेल असं वागावं, हा हेतू चांगलाच आहे. पण ज्या साधनावर त्याचा सगळा भार टाकलाय, ते हाताशी असलेल्या साधनांतलं सर्वांत दुबळं साधन आहे. पाहुणा खोलीत पाऊल टाकण्याआधीच बरंचसं ठरून गेलेलं असतं, आणि ते ठरवणारा यजमान असतो.

छत्रांना आजच्या अर्थानं पर्यावरणस्नेही म्हणणं मात्र खोटं ठरेल. ती धर्मादायासाठी होती, त्यांत जातीप्रमाणे व्यवस्था वेगळी होती, आणि तो भाग परत यावा असं कुणालाही वाटू नये. इथे त्यांचा उपयोग एवढाच, की माणसं कुठेही उतरली की तिथल्या मांडणीप्रमाणे वागतात हे जुन्या यजमानांना सवयीनं ठाऊक होतं. हेच गेल्या दोन दशकांत प्रयोगांनी तपासून पाहिलं गेलं.

यातला सर्वांत गाजलेला प्रयोग टॉवेलांचा. नोआ गोल्डस्टाइन, रॉबर्ट चाल्डिनी आणि व्लादास ग्रिस्केविशस या संशोधकांनी अमेरिकेतल्या एका हॉटेलात बाथरूममधली पाटी बदलून पाहिली आणि २००८ साली निष्कर्ष छापले. ‘पर्यावरण वाचवा’ अशी नेहमीची पाटी असलेल्या खोल्यांत ३५.१ टक्के पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरला. ‘इथले बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात’ असं सांगणारी पाटी लावली तेव्हा हा आकडा ४४.१ टक्के झाला. दुसऱ्या फेरीत त्यांनी पाटीवर लिहिलं की याच खोलीत उतरलेल्या बहुतेकांनी टॉवेल पुन्हा वापरला. त्या खोल्यांत प्रमाण ४९.३ टक्क्यांवर गेलं, तर नेहमीच्या पाटीखाली ते ३७.२ टक्केच राहिलं. पृथ्वीपेक्षा आपल्याआधी याच पलंगावर झोपलेला अनोळखी माणूस अधिक पटतो, असा याचा अर्थ. कॅलिफोर्नियातल्या एका हॉटेलात दुसऱ्या एका गटानं याहून साधा उपाय केला. खोलीची किल्ली घेतानाच पाहुण्याला टॉवेल पुन्हा वापरण्याचं नेमकं वचन द्यायला सांगितलं आणि छातीवर लावायला एक छोटा बिल्ला दिला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, वचन आणि बिल्ला दोन्ही असलेल्या पाहुण्यांकडून निदान एक टॉवेल वाळत टाकला जाण्याची शक्यता २५ टक्क्यांहून अधिक वाढली, आणि वाळत टाकलेल्या टॉवेलांची एकूण संख्या ४० टक्क्यांहून अधिक.

इथेच थांबलं तर हॉटेलवाल्यांना वाटेल की शब्द बदलले की काम झालं. तसं नाही. गेर्ड बोनर आणि लेना श्लुटर यांनी जर्मनीत हाच प्रयोग करून पाहिला आणि २०१४ साली सांगितलं, की ‘बहुतेक पाहुणे’ असं लिहिलेली पाटी तिथे साध्या पाटीपेक्षा वरचढ ठरली नाही. मुळात तिथे टॉवेल पुन्हा वापरणारे आधीच पुष्कळ होते. सारा डोल्निचर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्लोव्हेनियातल्या हॉटेलांत पर्यावरणाची आवाहनं तपासली, तेव्हा त्यांचा पाहुण्यांच्या वागण्यावर फारसा परिणाम आढळला नाही. सुटीवर आलेला माणूस मजेसाठी पैसे मोजून आलेला असतो; घरी वीज जपणारा माणूसही तिथे हात सैल सोडतो. पण याच गटानं एका शहरी हॉटेलात खोलीची रोजची आपोआप होणारी साफसफाई बंद केली आणि हवी असेल त्यानं सांगावी, अशी व्यवस्था केली. तेव्हा साफ कराव्या लागणाऱ्या खोल्या खूप घटल्या. पाहुण्याच्या मनाला कुणी हात लावला नव्हता. फक्त काय आपोआप होईल आणि काय मागावं लागेल, यांची अदलाबदल झाली होती. या सगळ्या प्रयोगांतून मला जी गोष्ट ठाम वाटते ती हीच. शब्दांचा परिणाम गावागणिक बदलतो, कधी दिसतो, कधी नाही. मांडणीचा परिणाम टिकतो.

मग तंजावरात मांडणी कशाची बदलायची? टॉवेलपासून सुरुवात करणं इथे चुकीचं होईल. गोल्डस्टाइन यांच्या प्रयोगात निदान दोन रात्री राहणारे पाहुणेच मोजले होते, कारण एकाच रात्रीच्या मुक्कामात टॉवेल पुन्हा वापरण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तंजावरला येणारे कितीतरी लोक बृहदीश्वराचं दर्शन घेतात, राजवाडा आणि सरस्वती महाल ग्रंथालय पाहतात आणि कुंभकोणमच्या बाजूला नवग्रहांच्या देवळांना किंवा पुढे रामेश्वरला निघतात. एक रात्र, फार तर दोन. अशा पाहुण्याच्या खोलीत टॉवेलाचं कार्ड लावणं म्हणजे दुसऱ्याच गावचा प्रश्न सोडवणं. तंजावरातल्या एका रात्रीचा भार तीन गोष्टींवर पडतो: एसी, पाणी आणि जेवण.

एसीच्या बाबतीत भारताकडे स्वतःचं उदाहरण आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या हिशेबानं एसीचं तापमान एक अंशानं वर ठेवलं की सुमारे सहा टक्के वीज वाचते. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलच्या नव्या रूम एसींमध्ये २४ अंश हे मूळ तापमान ठरवून देणं बंधनकारक झालं. कुणालाही १८ वर नेता येतं, मज्जाव नाही. पण यंत्र सुरू होताना २४ वर सुरू होतं आणि बरेच लोक तिथेच ठेवतात. हॉटेलात मात्र ही सोय हातची निसटते, कारण रिमोट आधीच्या पाहुण्याचं तापमान लक्षात ठेवतो. मे महिन्यात भर दुपारी देवळातून बाहेर आलेला माणूस खोलीत शिरून १६ करतो आणि निघताना तसंच सोडतो. पुढच्याला खोली मिळते ती १६ वर. खोली आवरणाऱ्या माणसानं चादर बदलताना रिमोट २४ वर आणून पंखा मध्यम गतीवर ठेवला, तर कुठल्याही पाटीशिवाय पुढच्या पाहुण्याची सुरुवात बदलते. मुंबईत विलेपार्ल्याला विठ्ठल कामत यांनी १९९७ साली ‘द ऑर्किड’ हे हॉटेल सुरू केलं. इकोटेल प्रमाणपत्र मिळालेलं ते आशियातलं पहिलं पंचतारांकित हॉटेल. तिथल्या खोलीत एक हिरवं बटण होतं. ते दाबलं की एसीचं तापमान थोडं वाढायचं. पाहुण्याला सहभागी करून घेण्याची ही कल्पना आपल्याकडे काळाच्या बरीच पुढे होती आणि तिचं श्रेय द्यायलाच हवं. पण बटण दाबावं लागतं. आज तोच विचार पुढे न्यायचा तर यंत्रणा हिरव्या बाजूलाच सुरू व्हावी आणि बटण अधिक थंडाव्यासाठी असावं.

पाण्याबाबत तंजावरची फसगत वेगळीच आहे. गाडीच्या खिडकीतून कावेरीच्या मुखाकडची हिरवीगार भातशेतं दिसतात आणि इथे पाण्याला काय तोटा, असं वाटून जातं. त्या हिरवळीमागे केवढी ओढाताण आहे ते पाहुण्याला दिसत नाही. कुरुवै या भाताच्या पिकासाठी मेट्टूर धरणाचे दरवाजे १२ जूनला उघडायचा प्रघात आहे, पण धरणात पाणी नसेल त्या वर्षी ती तारीख पुढे सरकते. कर्नाटकानं तमिळनाडूला वर्षाला किती पाणी सोडायचं हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१८ च्या निकालात तो आकडा १७७.२५ टीएमसी ठरला. २०२० साली राज्यानं कायदा करून त्रिभुज प्रदेशाला संरक्षित शेती क्षेत्र म्हटलं, ते हे भाताचं कोठार टिकावं म्हणून. आता या प्रदेशातल्या हॉटेलाचं बाथरूम पाहा. आपल्याकडे बादली आणि मग ही पाणी मोजून वापरायला लावणारी आयती मांडणी आहे. वीस लिटरची बादली संपली की माणूस थांबतो, कारण संपलेलं दिसतं. साधा शॉवर मिनिटाला दहा लिटर सोडत असेल, तर दहा मिनिटांत पाच बादल्या जातात आणि एकही दिसत नाही. तरीही हॉटेलाचा दर्जा वाढवायचा म्हटलं की आधी बादली हलवली जाते, ती जुनाट दिसते म्हणून. मला हे मोठं नुकसान वाटतं. पितळी किंवा स्टीलची देखणी बादली, तिच्याशेजारी लाकडी पाट आणि वर कमी प्रवाहाचा शॉवर, एवढ्यानं खोली गरीब दिसत नाही. तंजावरात तर ती शोभून दिसेल.

प्यायच्या पाण्याची गोष्ट कायद्यापाशी जाऊन अडते. तमिळनाडूनं १ जानेवारी २०१९ पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या १४ वस्तूंवर बंदी घातली. पिशव्या, ताटल्या, पेले, स्ट्रॉ आणि पाण्याची पाकिटंसुद्धा त्यात आली. डिसेंबर २०२१ मध्ये पिवळ्या कापडी पिशवीच्या नावानं ‘मीण्डुम मंजप्पै’ ही मोहीमही निघाली. पण पाण्याची बाटली त्या यादीत नव्हती. त्यामुळे खोलीत शिरताच टेबलावर दोन सीलबंद बाटल्या ठेवणं हा आजही स्वागताचा रिवाज आहे. पाहुण्यानं त्या मागितलेल्या नसतात. समोर आहेत म्हणून तो उघडतो, अर्धी पितो, सकाळी दुसरी बॅगेत टाकतो. इथे आक्षेप येईल की परगावच्या पाण्याचा भरवसा कसा धरायचा, विशेषतः मुलंबाळं आणि म्हातारी माणसं बरोबर असताना. आक्षेप रास्त आहे आणि त्याला उपदेशानं उत्तर देता येत नाही. काचेच्या झाकणबंद बाटल्या हॉटेलातच भरणं, प्रत्येक मजल्यावर शुद्धीकरणाचं यंत्र दिसेल असं ठेवणं, फिल्टर कधी बदलला त्याची तारीख तिथेच लावणं, यांनी भरवसा तयार होतो. एवढं करूनही ज्याला सीलबंद बाटली हवी त्याला ती मागितल्यावर मिळावी. तीही न कुरकुरता.

जेवणाचा विषय सर्वांत समृद्ध, कारण तिथे तंजावरच्या रिवाजात उत्तर आधीच आहे. नॉर्वेतल्या स्टेफेन कालबेकेन आणि होकॉन सेलेन या अर्थशास्त्रज्ञांनी हॉटेलांतल्या बुफेवर दोन उपाय करून पाहिले आणि २०१३ साली निष्कर्ष छापले. काही हॉटेलांत ताटल्यांचा आकार कमी केला. काही ठिकाणी पाटी लावली की पुन्हा पुन्हा येऊन घ्या, एका वेळी भरून घेण्यापेक्षा ते बरं. दोन्ही उपायांनी वाया जाणारं अन्न सुमारे २० टक्क्यांनी घटलं, आणि पाहुण्यांच्या समाधानात घट दिसली नाही. आता केळीच्या पानावरचं जेवण आठवा. पान ठरावीक आकाराचं. वाढपी पंगतीतून फिरतो आणि पोरियल, कूटु, सांबार थोडं थोडं वाढत जातो. सांबारभात संपल्याशिवाय रसम येत नाही, रसमाशिवाय ताक नाही. पुरे झालं की पानावर आडवा हात धरायचा, मग पान मिटायचं. नॉर्वेच्या अभ्यासकांनी ज्या दोन गोष्टी मुद्दाम घडवल्या, त्या इथे रोजच्या रीतीत बसलेल्या आहेत: लहान ताट आणि पुन्हा मिळण्याची खात्री. माणूस ताट भरून घेतो तो बहुतेकदा नंतर मिळणार नाही किंवा उठून जावं लागेल या धास्तीनं. वाढपी पुन्हा येणारच असेल तर ती धास्ती उरत नाही. शिवाय धुवायला ताट नाही, साबण नाही, आणि मिटलेलं पान गाईपुढे जातं. तंजावरातलं एखादं हॉटेल ही रीत बाजूला सारून सकाळी बुफे मांडतं, तेव्हा ते आधुनिक होत नाही. ते सुटलेला प्रश्न पुन्हा उभा करतं.

यावर मराठी वाचक हटकून म्हणेल, की पंगतीतच तर सर्वांत जास्त अन्न टाकलं जातं. खरं आहे. लग्नाच्या पंगतीत जिलबीचा आग्रह कसा होतो आणि पानावर किती उरतं, हे सांगायला नको. पण तिथे दोष पानाचा नाही, आग्रहाचा आहे. वाढणाऱ्याचा मान पाहुण्याच्या नकाराला न जुमानण्यात आहे, अशी आपली समजूत झालेली असते. मांडणी दोन्ही बाजूंना झुकू शकते. तेच पान आणि तोच वाढपी, विचारून वाढलं तर अन्न वाचतं, दटावून वाढलं तर वाया जातं. म्हणून हॉटेलात प्रशिक्षण द्यायचं असेल तर ते पाहुण्यांआधी वाढप्यांना द्यावं. तमिळ उपाहारगृहांत ‘फुल मील्स’च्या जोडीला ‘मिनी मील्स’ असतंच. वेटरनं आधी कशाचं नाव घ्यायचं, एवढ्या एका गोष्टीवर दिवसाकाठी किती भात उकिरड्यावर जाईल ते ठरू शकतं. मुलांसाठी तर खेळही पुरतो. डोल्निचर आणि सहकाऱ्यांनी स्लोव्हेनियात कुटुंबं उतरणाऱ्या एका हॉटेलात मुलांना छोटी वही दिली. घरच्यांनी ताट स्वच्छ केलं की वहीत शिक्का मिळायचा. ताटात टाकलं जाणारं अन्न ३४ टक्क्यांनी घटलं. आईवडिलांना मुलांनी जेवायला लावलं.

आता मोठा आक्षेप. हे सगळं हॉटेलवाल्याच्या फायद्याचं आहे आणि पर्यावरण हे निमित्त आहे, असं पाहुण्याला वाटतं. हा संशय जुना आहे. जे वेस्टरवेल्ड या अमेरिकी पर्यावरणवाद्यानं १९८६ सालीच टॉवेलच्या कार्डांवर बोट ठेवलं होतं: बाजूला बांधकामं वाढवत न्यायची आणि पाहुण्याला मात्र समुद्र वाचवण्यासाठी टॉवेल जपायला सांगायचं. धुलाईचा खर्च वाचतो तो हॉटेलाचाच, यात काही खोटं नाही. या संशयावर गोल्डस्टाइन आणि सहकाऱ्यांच्याच २०११ च्या अभ्यासात उत्तर सापडतं. ‘तुम्ही टॉवेल पुन्हा वापरलात तर आम्ही पर्यावरणासाठी देणगी देऊ’ असं सांगण्यापेक्षा ‘तुमच्या वतीनं आम्ही देणगी दिलेली आहे, आता तुम्ही साथ द्या’ असं सांगणं जास्त परिणामकारक ठरलं. आधी यजमानानं करायचं, मग मागायचं. छत्राच्या यजमानाला पाहुण्याकडून शिस्तीची अपेक्षा धरायची झाली असती तर तीही याच बळावर. आधी अन्न त्यानं घातलेलं असायचं. छपरावर सौर बंब नाही, सांडपाण्याची सोय नाही, आवारातले दिवे रात्रभर जळतायत, अशा हॉटेलानं बाथरूममध्ये पृथ्वीचं चित्र लावलं तर पाहुणा त्याच्याकडे पाठ फिरवतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

दुसरा आक्षेप स्वातंत्र्याचा: पाहुण्याला न कळू देता त्याचा निर्णय बदलणं ही फसवणूक नव्हे का? फसवणूक तेव्हा होते, जेव्हा दुसरा पर्याय लपवला जातो, महाग केला जातो किंवा मागताना लाज वाटेल असं वातावरण केलं जातं. एसी २४ वर ठेवलाय, बाटली मागितल्यास मिळेल, चादर रोज बदलून हवी असल्यास सांगा, हे किल्ली देतानाच मोकळेपणी सांगितलं तर कुणाचंही काही हिरावलं जात नाही. आणि कुठलीच मांडणी तटस्थ नसते. टेबलावर दोन बाटल्या ठेवणं हाही पाहुण्याच्या वतीनं घेतलेला निर्णयच आहे. फक्त त्याची आपल्याला सवय झालीय.

तिसऱ्या आक्षेपाला मी सर्वांत अधिक वजन देतो, आणि तो पाहुण्यांकडून येत नाही. अमेरिकेत २०१८ साली मॅरियटच्या हॉटेलांतले कामगार संपावर गेले तेव्हा त्यांच्या तक्रारींत एक तक्रार खोली साफ न करून घेणाऱ्या पाहुण्यांना बक्षिसी देणाऱ्या हिरव्या योजनेबद्दल होती. रोजची साफसफाई टळली की कामाचे तास कापले जातात, आणि तीन दिवसांनी उघडलेली खोली तिप्पट मेहनत मागते. तंजावरातही खोल्या आवरणाऱ्या बायका, धुलाईवाले, वाढपी यांच्या पोटावर पाय देऊन वाचवलेली वीज आणि पाणी कुणाच्याही हिशेबात बचत म्हणून धरू नये. मजुरी खोल्यांच्या संख्येवर न ठेवता पाळीवर ठेवावी, वाचलेल्या बिलाचा वाटा कामगारांना द्यावा, आणि कोणती मांडणी चालते हे त्यांनाच आधी विचारावं. पाहुण्यानं रिमोट कुठे ठेवला, बाटली किती उरली, पान कसं मिटलं, हे मालकाआधी त्यांना कळतं.

म्हणून सुरुवातही त्यांच्याच वहीतून व्हावी. दोन मजले असलेल्या हॉटेलानं एका मजल्यावर नवी मांडणी करावी, दुसऱ्यावर जुनीच ठेवावी आणि पंधरा दिवसांनी मजले बदलावेत. प्रत्येक मजल्याला स्वतंत्र विजेचं मीटर लावावं, रिकाम्या बाटल्या मोजाव्यात आणि दुपारच्या पंगतीनंतर पानांवर उरलेलं अन्न गाईंकडे जाण्याआधी काट्यावर घालावं. मार्चपासून जूनपर्यंतचा उन्हाळा आणि ईशान्य मोसमीचा ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पाऊस, दोन्ही ऋतूंत ही मोजणी केली की अमेरिकेचे आणि नॉर्वेचे आकडे इथे कितपत लागू पडतात ते कळेल. आलेला आकडा मग पाटीवर लिहायला हरकत नाही: गेल्या महिन्यात या मजल्यावरच्या पाहुण्यांनी किती बाटल्या वाचवल्या. ते वाक्य खरं असेल, आणि त्याच मजल्याबद्दल असेल.